वऱ्हाडातील लेकरांची पहिली शाळा

निजामाच्या अंमलातील वऱ्हाडात एखाद्या कसब्याच्या देवळाच्या ओवरीत किंवा देशपांड्यांच्या वाड्याच्या पडवीत पंतोजींची शाळा भरत असे, तेव्हा मुलाला तिच्यात घालावे की न घालावे हा प्रश्न बहुतेक मायबापांपुढे उभाच राहत नसे. कारण ज्या घरात पटवारकी, देशपांडेपण अथवा सावकारी होती त्या घरातील मुलाला अक्षर आणि हिशेब येणे हा वतनाचाच एक भाग समजला जाई, आणि ज्या घरात नांगर, माग किंवा चामड्याचा धंदा होता त्या घरातील मुलाला त्या ओवरीची पायरी चढण्याचे प्रयोजन नव्हते, पुष्कळांना तर तशी मुभाही नव्हती. पाटीपूजन होऊन पाच-सहा वर्षांचे पोर पंतोजींपुढे बसले म्हणजे धूळपाटीवर ओनामा, मग मोडीचे वळण, मग पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची घोकंपट्टी, असा शिरस्ता ठरलेला असे. आणि त्याबद्दल पंतोजींच्या पदरी थोडे रोकड, थोडे धान्य आणि सणावाराचा शिधा पडे. त्या शाळेत छडी होती, हे खरेच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाच वर्षांच्या आतले मूल त्या व्यवस्थेच्या नजरेतच नव्हते. ते आजीच्या जात्याजवळ, गोठ्यातल्या वासरांत, अंगणातल्या मातीत वाढे. आणि त्या वाढण्यालाही काही शिक्षण म्हणता येईल, असा विचार कोणी बोलून दाखविला नव्हता.

मूल शाळेत जाते ते त्याच्या आजच्या वयाच्या भुकेसाठी, की वीस वर्षांनंतरच्या पोटापाण्यासाठी, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या पालकांना गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या वेषांत भेटत आला आहे. आणि बहुतेक वेळा त्यांनी दुसऱ्या गोष्टीच्या बाजूने कौल दिला आहे. त्यांना त्याबद्दल दोष देण्याची माझी इच्छा नाही. ज्या मुलखाचा संसार एका पिकावर आणि ते पीक पावसावर अवलंबून आहे, त्या मुलखातील बापाने मुलाच्या बालपणाकडे तारण म्हणून पाहिले तर त्याचे कारण त्याच्या मनात शोधण्याआधी त्याच्या शेतात शोधले पाहिजे. पण याच मुलखात लेकराच्या आजच्या वयाचा विचार करणारी माणसेही होऊन गेली, आणि त्यांची हकिकत आपण जवळजवळ विसरलो आहोत.

१८५३ साली निजामाने कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले; मालकी निजामाची आणि कारभार ईस्ट इंडिया कंपनीचा, अशा त्या विलक्षण तहातून जो अमानती मुलूख निर्माण झाला, त्याच्या नशिबी पुढील दहा-पंधरा वर्षांतच मोठा पालट आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ पर्यंत मुंबईचा लोहमार्ग या मुलखातून नागपुरास जाऊन भिडला. त्याच सुमारास, १८६६ साली, वऱ्हाडासाठी स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले. कापसाची भरभराट आणि हे शिक्षणखाते या दोन घटना एकमेकींपासून दूर नाहीत. कापसाबरोबर दलाल आले, दलालांबरोबर करारमदार आले, करारांबरोबर तंटे आणि तंट्यांबरोबर दिवाणी कचेऱ्या आल्या. आणि अमरावती व अकोला येथील सरकारी हायस्कुलांतून इंग्रजी शिकलेला मुलगा त्या कचेरीत कारकून, मुनसफ किंवा वकील होऊ शकतो, हे वऱ्हाडाने डोळ्यांनी पाहिले.

तो वकिलांचा काळ होता. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी ही अमरावतीची नावे साऱ्या हिंदुस्थानात ऐकू जात, आणि १८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले, तेव्हा तर या गावाच्या वकिलीचा लौकिक कळसास पोचला. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूच्या खेड्यांतील पटवारी आणि सधन पाटील ते वैभव पाहत आणि मुलाला अमरावतीस किंवा अकोल्यास आप्तांच्या घरी ठेवण्याचा बेत करीत. ज्याला आप्त नसत तो वार लावून जेवे. वतनाचे अक्षर जाऊन नोकरीचे अक्षर आले ते या मार्गाने. आणि त्या शिडीच्या अगदी तळाशी, पहिलीच्याही खाली, बिगरीचा वर्ग असे, जेथे लहानग्यांना एकत्र कोंबून मुळाक्षरे म्हणवून घेतली जात आणि पाटीवर रेघा ओढविल्या जात. शाळेच्या उत्तम मास्तरांपैकी कोणी त्या वर्गावर क्वचितच जाई.

याच वकिलांच्या अमरावतीत, ज्या वर्षांत युरोपात पहिले महायुद्ध चालले होते, त्या सुमारास मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी १९१४ साली मिळविलेली एक तरुण स्त्री सून म्हणून आली. त्या ताराबाई मोडक. माहेरच्या केळकर, प्रार्थनासमाजी वळणाच्या घरात वाढलेल्या. सासर अमरावतीतील एका नामांकित वकिलाचे. पदवीधर स्त्री त्या काळी वऱ्हाडात दुर्मीळ होती, आणि सुशिक्षित स्त्रीने गावाच्या सार्वजनिक जीवनात वावरावे हेही नवलाचे होते. तो संसार टिकला नाही. १९२१ साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या आणि लहान मुलीला घेऊन त्यांनी अमरावती सोडली. घरगुती दुःखाची चिकित्सा करण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र एवढे खरे की, त्या जाण्याने अमरावतीने काय गमावले याची त्या वेळी गावाला कल्पना असणे शक्यच नव्हते, कारण ताराबाईंना स्वतःलाही ती नव्हती. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी पत्करले, आणि तेथून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्या दाखल झाल्या.

गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे या विवंचनेतून त्यांनी मॅडम मॉन्टेसोरींचे ग्रंथ वाचले, वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरास बालमंदिर उघडले. पालकाच्या काळजीतून एक नवे शिक्षणशास्त्र आपल्या देशात रुजले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण तीच काळजी शेकडो वकिलांना त्या काळी होती, आणि बाकीच्यांनी तिच्या पोटी मुलाला फक्त अधिक लवकर पाटीवर बसविले. बालशिक्षणाचा विचार त्यापूर्वी महाराष्ट्राला अगदीच अपरिचित होता असे नव्हे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढताना तो त्यांच्यापाशी होता. परंतु ते बीज विस्तारले नाही. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, 'शिक्षणपत्रिका' चालविली, आणि गिजुभाईंनी गुजरातीत जे केले ते मराठीत आणण्याचा भार पुढे ताराबाईंनी एकटीने वाहिला. १९३६ साली दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले पांढरपेशांची होती, आणि मॉन्टेसोरी साधने महागडी होती. या दोन्ही गोष्टी ताराबाईंना खुपत राहिल्या असाव्यात, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. कारण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. तेथे लाकडी मनोरे आणि परदेशी मण्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, काठ्या, माती आली. गरिबांच्या वस्तीतील मुले बालवाडीकडे येत नाहीत, कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असते तर कोणाला मुळी चार भिंतींचीच भीती वाटते, हे ध्यानात आल्यावर मुलांनी शाळेकडे येण्याची वाट न पाहता शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. प्रथम अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, मग गाणे, मग खेळ, आणि या सर्वांतून नकळत मोजणे, ओळखणे, सांगणे. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या निवर्तल्या.

त्या अमरावतीत असत्या तर काय झाले असते, असे मनाशी कल्पिण्यात अर्थ नाही. पण त्या येथे येण्याच्या सुमारासच अमरावतीत बालकांसाठी दुसऱ्या एका प्रकारचे काम उभे राहत होते, ते मात्र सांगितलेच पाहिजे. १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर गाजला. शाळेच्या अभ्यासाव्यतिरिक्त मुलाने काहीतरी शिकावे म्हणून त्याला शुल्क देऊन वर्गात घालण्याची आजची जी चाल आहे, तिचे वऱ्हाडातील मूळ शोधू गेल्यास ते या तांबड्या मातीतच सापडेल. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी पोरे आखाड्यात जात. लाठी, लेझीम, मल्लखांब, आसने, कुस्ती, आट्यापाट्या, हुतूतू. आणि १९२४ पासून उन्हाळ्याच्या सुटीत व्यायामशिक्षकांचे वर्ग भरू लागले, त्यांना दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. गुलाम देशातल्या एका मध्यम शहरातील मुलांनी जगापुढे हुतूतू खेळून दाखवावा, हा प्रसंग त्या काळच्या अमरावतीकरांनी किती अभिमानाने उराशी धरला असेल!

आखाड्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच मातीत लोळत. आणि आईबाप मुलाला तेथे पाठवीत ते गुणपत्रिकेवर काही उमटावे म्हणून नव्हे, तर अंग घडावे, भीती जावी, सवंगडी मिळावेत म्हणून. त्यात राष्ट्रकार्याची भावना होती, हे नाकारता येणार नाही. आणि मुलींना तेथे उशिराने वाव मिळाला, हीही उणीव नोंदविली पाहिजे. तरीही मूल आज जे आहे त्याला आनंद देणारे असे काही पालकांनी स्वखुशीने निवडल्याचे वऱ्हाडातले एवढे मोठे उदाहरण दुसरे मला आठवत नाही. पुढे तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि तेथील सुटीतल्या शिबिरांना मुले पाठविण्याची वहिवाट आजही पुष्कळ शेतकरी कुटुंबांत आहे. पहाटे उठणे, सामुदायिक प्रार्थना, श्रमदान, खंजिरीच्या साथीची भजने. शेतकऱ्याच्या मुलाचा हा उन्हाळा शहरी मुलाच्या छंदवर्गापेक्षा कोणत्याही अर्थाने दरिद्री नाही.

परंतु वऱ्हाडाच्या बहुजन समाजाला लेकराच्या पहिल्या शाळेची निवड करण्याचा अधिकार मिळाला तो फार वेगळ्या झगड्यातून, आणि त्या झगड्याचे धुरीण होते पंजाबराव देशमुख. १८९८ साली पापळ या खेड्यात जन्मलेल्या पंजाबरावांना पुढील इयत्तांसाठी गाव सोडून फिरावे लागले होते. खेड्यातील मुलाच्या शिक्षणात गाव सोडणे हाच पहिला अडसर असतो, हे ते पुस्तकातून शिकले नव्हते. विलायतेहून परतल्यावर १९२८ साली अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. सक्ती हा शब्द आज पालकांना जाचक वाटेल. पण ज्या घरात मुलाचे हात म्हणजे निंदण-वेचणीच्या दिवसांतील मजुरी होती, तेथे मुलाला शाळेत धाडणे ही रोजची नुकसानी होती, आणि ती सोसण्यासाठी बापाच्या पाठीशी कायद्याचे बळ लागत होते. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या शाळा वऱ्हाडच्या तालुक्या-तालुक्यांत गेल्या.

आणि जेथे कायदा पोचत नव्हता तेथे गाडगेबाबा पोचत. १८७६ साली अंजनगाव सुर्जीकडील शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेल्या या महापुरुषाने स्वतः शाळा पाहिली नव्हती. गावोगावच्या कीर्तनात ते समोर बसलेल्या बायाबापड्यांना विचारीत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि शेवटी एवढेच मागत की, भांडी विकावी लागली तरी विका, भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांच्या श्रोत्यांच्या नातवंडांनी आज जी नोकरी, जे घर, जी प्रतिष्ठा मिळविली आहे, तिच्यामागे त्या विकलेल्या भांड्यांचा आवाज आहे. म्हणून शाळेवर उधळपट्टी करणाऱ्या आजच्या वऱ्हाडी पालकाला उथळ म्हणण्यापूर्वी मी थांबतो. तो आपल्या आज्याने दिलेला शब्दच पाळत असतो.

सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीममध्ये पूर्वबुनियादी, म्हणजे शाळापूर्व, वर्गाचा विचार झाला, परंतु वर्ध्याहून तो अमरावतीच्या बाजारापर्यंत आला नाही, एवढे सांगून पुढे जाऊ. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत वऱ्हाडच्या शहरांत पालकांच्या निवडीचे केंद्र झपाट्याने बदलले. ख्रिस्ती जोगिणींनी चालविलेल्या इंग्रजी शाळांचा दरारा असा बसला की, कोणत्याही नर्सरीला, मग ती एखाद्या बंगल्याच्या मोटारखान्यात का भरेना, येथील लोक कॉन्व्हेंटच म्हणू लागले. आणि 'पोराले कॉन्व्हेंटात टाकलं' हे वाक्य परतवाड्यापासून बाळापुरापर्यंत घराघरात अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. तीन वर्षांच्या मुलाची तोंडी परीक्षा, त्याच्या आईबापांची मुलाखत, देणग्या, या प्रकारांनी राज्यभर इतका उच्छाद मांडला की राम जोशी समितीच्या शिफारशींनंतर १९९६ साली शाळापूर्व केंद्रांतील प्रवेशाचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. त्याआधी १९९३ साली यशपाल समितीने मुलांच्या पाठीवरील आणि मनावरील ओझ्याचा अहवाल केंद्र सरकारला दिला होता. कायदे झाले, ओझे राहिले. २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, तरी पालकांचा ओढा मराठी शाळेकडे वळला नाही.

याच काळात कापसाचे अर्थशास्त्र कोसळत होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वऱ्हाडाचे नाव ज्या वर्षांत देशाच्या वर्तमानपत्रांत दुःखाने छापून येत होते, त्याच वर्षांत अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटसारख्या वसाहतींत वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांच्या पाट्या वाढत होत्या. ज्याला आपले शेत मुलाच्या हाती द्यायचे धाडस उरले नाही, तो बाप मुलाला शेतापासून शक्य तितके दूर पाठवणार. आणि बारावीच्या त्या उंबरठ्यावरून मागे मोजत मोजत येताना दहावी, आठवी, पाचवीची शिष्यवृत्ती, आणि शेवटी साडेतीन वर्षांचे वय, अशी त्याची काळजी उतरत येते. म्हणून नर्सरीतल्या लेकराला गृहपाठ, संध्याकाळी अबॅकस, रविवारी इंग्रजी उच्चारांचा वर्ग. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते की कपाशीचे बोंड नखाने उकलून कापूस येत नाही; पण तोच शेतकरी शहरात बिऱ्हाड केल्यावर लेकराच्या बाबतीत ते विसरतो, याचे मला अतिशय वाईट वाटते. तीन वर्षांच्या मुलाचा हात रेघेवर बळजबरीने फिरविण्यात ते बिगरीचेच पुनरुज्जीवन आहे. फरक इतकाच की त्या वेळी बिगरीला कोणी पैसे मोजत नव्हते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी ही सारी हकिकत मांडली ती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या पहिल्या प्रकल्पांत एक होता मुंबईच्या धारावीचा, आणि दुसरा अमरावती जिल्ह्यातील धारणीचा. सहा वर्षांच्या आतील मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि त्याबरोबर खेळातून शिक्षण देणारी अंगणवाडी मेळघाटच्या सातपुड्यात, कोरकू आदिवासींच्या ढाण्यांत, म्हणजे पाड्यांत, उभी राहिली. बोर्डी-कोसबाडला ज्या विचाराने अंगणात शाळा नेली होती, तो विचार ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी सरकारी योजनेच्या रूपाने अमरावती जिल्ह्यात आला. पण आला तो अमरावतीच्या वकिलांच्या कँप भागात नव्हे, धारणीच्या डोंगरात.

तेथे तो यशस्वी झाला काय? निर्भेळ उत्तर देता येत नाही. १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी साऱ्या देशाला हादरविले, आणि आहाराच्या पातेल्यापुढे शिक्षणाचा विचार मागे पडणे अपरिहार्य झाले. शिवाय कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. घरी फक्त कोरकू ऐकलेल्या तीन वर्षांच्या मुलाला मराठी बडबडगीत शिकविले तर ते तोंडाने म्हणेल, पण त्यातला चांदोबा त्याचा नसतो. म्हणून त्या अंगणवाडीत खरे शिक्षण घडते ते गावातलीच कोरकू सेविका आपल्या बोलीत बोलते तेव्हा: मोहाची फुले मोजायला लावते, नदीतल्या खड्यांची रांग मांडते, आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगते. अमरावतीच्या महागड्या नर्सरीत ज्याला नव्या पद्धतीचे शिक्षण म्हणून शुल्क घेतले जाते, ते बहुतेक सर्व त्या ढाण्यात, छप्पर गळत असेल तरी, तिच्या हाताशी असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा एकसंध पहिला टप्पा मानला आहे, आणि अंगणवाडीला त्यात स्थान दिले आहे. अमरावती आणि अकोला शहरांच्या वस्त्यांतूनही आज अंगणवाड्या आहेत. परंतु चार पैसे गाठीला असलेला पालक त्यांच्या दारावरून मुलाचे बोट धरून पुढच्या कॉन्व्हेंटाकडे जातो, आणि आपण त्या अंगणवाडीत डोकावून पाहिले पाहिजे हे त्याच्या मनातही येत नाही. तो डोकावत नाही, म्हणून तिथल्या खोलीला रंग लागत नाही, खेळणी येत नाहीत आणि सेविकेच्या प्रशिक्षणाबद्दल कोणी जाब विचारीत नाही. १९२८ साली ज्या जिल्ह्याच्या अध्यक्षाने खेड्यातील शाळेसाठी कौन्सिलाचे दप्तर हलविले, त्या जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी हा जाब आधी विचारावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारी उलटत आला तरी त्यांचे आंदोलन चालूच होते. मागणी जुनीच होती. कारण मुलाच्या आयुष्यातील पहिल्या शिक्षिकेला सरकारी दप्तरात अद्याप वेतन नाही, तिला मानधन मिळते.